वर्षाला एक हात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक रेघ मारली. फुटबॉलच्या मैदानाची, चुन्याची. ऑक्टोबरातला शुक्रवार, सकाळचे साडेसहा. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं हिच्या. हिचं नाव सुमन. शंभर मीटरवर उभी राहिली की बाई बोटाएवढी दिसायची, पण आवाज थेट कानाशी. "आत घ्या. आणखी आत. लोकांच्या अंगावर जाताय!" मी दोरी आत घेतली, खिळा ठोकला, चुन्याची गाडी फिरवली. मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून डब्यातली घावणं खाल्ली. ती म्हणाली, चटणीत मीठ जास्त झालंय. मी म्हटलं, झालंय खरं.

अडतीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं बोलणं हे. दुपारी खोलीवर कपडे वाळत घालताना ती खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. तिला गावी नेलं, दिवस केले, आणि परत आलो. गावच्या घरात एकटा काय भिंती बघत बसणार होतो?

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच रेघेची आहे.

मी मस्कतमध्ये एका कॉलेजच्या मैदानाचा ग्राउंडमन होतो. शिक्षण चौथी, गाव लांज्याकडचं. आधी वादी कबीरच्या गॅरेजात टायर काढायचो, मग कॉलेजच्या बागेत माळी म्हणून लागलो आणि मैदान सांभाळणारा बंगाली निघून गेला तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. सुमन वादी कबीरच्या एका शाळेत आया होती. लहान पोरांना बसमधून उतरवायची, त्यांची नाकं पुसायची. ती पोरं तिच्याशी इंग्रजी बोलायची आणि ही त्यांना मराठीत दम द्यायची. पोरं ऐकायची. राहायला आम्ही वादी अदाईला, एका खोलीत.

लोकांना वाटतं मैदान सांभाळणं म्हणजे गवताला पाणी मारणं. तसं नाही. मस्कतचं ऊन गवताला जगू देत नाही आणि टँकरचं पाणी धड मरू देत नाही. पाणी खारट असतं, जास्त दिलं की जमिनीवर मीठ फुटतं. कमी दिलं की दुपारपर्यंत गवताचा पापड. पाणी पहाटे द्यायचं. कापताना बोटाच्या दीड पेरापेक्षा खाली जायचं नाही. डोंगरावरच्या बकऱ्या कुंपणातून येतात त्यांना हाकलायचं, पण दगड मारायचा नाही, कारण बकरीला मालक असतो आणि मालकाला भाऊ असतात. एकदा एका लग्नाची मंडळी माझ्या गवतावर गालिचे टाकून बसली. मी हाकलायला गेलो तर माझ्याच हातात हलव्याची बशी दिली. खाल्ला. मग हाकललं.

आणि रेघा. रेघ वाऱ्याने जाते, पावसाने जाते, बुटांनी जाते. चालू मोसमात दर मॅचला जुन्या रेघेवर नवी फिरवायची. त्या वर्षांत रमजान उन्हाळ्यात यायचा, कॉलेज दोन-तीन महिने बंद. उघडेपर्यंत रेघेचा मागमूस नसायचा. मग ऑक्टोबरात सगळं मैदान नव्याने आखायचं. या कामाला दुसरं माणूस लागतं. कॉलेज देईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी सुमन यायची.

आता कोच. कोच इद्रीस सुदानचा. उंच, दाराला डोकं लागेल असा. आवाज असा की मी टाकीपाशी असलो तरी दचकायचो. मला 'सदीक' म्हणायचा, म्हणजे दोस्त. सुमनची घावणं उभ्याउभ्या चार खायचा. त्याची विद्या एकच होती, चेंडू कडेला द्या. उजव्या कडेने पळणारा पोरगा निवडताना तो महिना घालवायचा. तो पोरगा कडेच्या रेघेवरून सुटायचा, समोरच्यांना खेचून बाहेर न्यायचा, आणि मधे मोकळी जागा झाली की चेंडू आत. गोल. पहिली तीन वर्षं आमचं कॉलेज कपावर कप आणत होतं. प्रिन्सिपलच्या खोलीत ठेवायला कपाट पुरेना.

मग घसरण लागली. एका दिवसात नाही. आधी फायनल हरले, पुढच्या वर्षी सेमीफायनल, मग तिथवरही जाईनात. आणि कोच का घसरला यावर मैदानाच्या कडेला जी सभा भरायची, ती कोर्टातपण भरत नसेल.

सभेचे मुख्य सभासद तीन. सालिम चाचा, निवृत्त ओमानी पोलीस, कॉलेजच्या मागेच घर. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मास आणि खजूर घेऊन यायचे. दुसरा कुट्टी, केरळी न्हावी, फुटबॉल म्हणजे त्याचा देव. तिसरा इस्माईलभाई, राजापूरकडचा, गेटाबाहेर चहाचं दुकान. मला तात्या म्हणायचा. हे तिघे आणि त्यांच्याबरोबर पाच-पंचवीस जण रेघेला लागून प्लास्टिकच्या लांब चटया टाकून बसत. मैदानाच्या एका बाजूला या चटया, समोरच्या बाजूला कॉलेजची बिल्डिंग, आणि बिल्डिंगच्या बाजूला कोचचा बाक. सभा चालायची हिंदीत, पण शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत.

"बुढ्ढा हो गया, खलास," कुट्टी म्हणायचा. "फुटबॉल बदलला. ह्याचा मेंदू जुन्या मोबाईलसारखा, बटणवाला."

"वय नाही, नजर," सालिम चाचा म्हणायचे. "तीन कप आणले तेव्हा सगळ्या शहराने पाहिलं. एवढ्या डोळ्यांखाली उंटसुद्धा बसेल."

इस्माईलभाई चहाचे ग्लास वाटत माझ्या कानाशी येऊन मराठीत सांगायचा, "तात्या, मी सांगतो ते कुणाला बोलू नको. कोचने दुसरं लगीन केलंय. मी बघितली ना गाडीत, तरणी आहे. माणसाचं मन घरात दोन ठिकाणी वाटलं की मैदानाला काय उरतंय?"

मी काही त्या सभेचा सभासद नव्हतो. पण मला चैन पडायची नाही. मला लहानपणापासून खोड आहे, घड्याळ बंद पडलं तर ते उघडून बघितल्याशिवाय जेवण जात नाही. म्हणून मी एकेकाचं म्हणणं तपासायला लागलो.

दुसरं लगीन पहिल्या आठवड्यात निकालात निघालं. गाडीतली तरणी म्हणजे कोचची मुलगी, नर्सिंग शिकणारी. इस्माईलभाईला सांगितलं तर म्हणतो कसा, "मुलगी? मग हुंड्याची काळजी असेल." मी म्हटलं, त्यांच्यात हुंडा मुलगा देतो. "मग द्यायचा नाय तर घ्यायचा, काळजी ती काळजीच."

मग कुट्टीने नवीन काढलं. आपली पोरं पहिला अर्धा वेळ वाघासारखी खेळतात आणि दुसऱ्यात मेंढरं होतात. हे खरं होतं, मीपण पाहिलं होतं. कुट्टी म्हणाला कारण हलवा. एका पोराचा बाप हाफटाइमला हलवा आणि कहवा पाठवायचा. तूप-साखर पोटात घालून कोण पळणार? मला पटलं. त्या बापाच्या ड्रायव्हरला मी सांगितलं, हलवा मॅच संपल्यावर आण. त्याने आणला. पोरं उपाशीपोटी हरली आणि हरल्यावर हलवा खाल्ला, एवढाच फरक.

नजरेचंही केलं. सालिम चाचांनी ऊद आणला, मी चारी कोपऱ्यांत जाळला. सुमनने आपल्या पद्धतीने मीठ-मिरच्या ओवाळल्या, त्यामुळे दोन्हीकडची व्यवस्था झाली. पुढची मॅच तीन गोलांनी गेली.

पण हे सगळं करताना एक गोष्ट डोक्यात बसली. दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन आमची पोरं बऱ्यापैकी जिंकत होती. हरत होती ती घरात, आणि तीही दुसऱ्या अर्ध्यात. कोच म्हातारा असेल तर तो बसमध्ये बसून तरणा होतो काय? मी सभेत विचारलं. मग सालिम चाचा म्हणाले, "नजर मैदानाला आहे," आणि सभा पुन्हा सुरू.

एवढ्यात सुमन गेली. त्यानंतर मला कोच जिंकला काय, हरला काय. कोच मात्र खोलीवर आला, दारातून वाकून आत येऊन जमिनीवर बसला. बराच वेळ बसला. जाताना तिचा चपलांचा जोड दाराशी होता त्याला पाय लागू नये म्हणून लंगडी घालून गेला. एवढा मोठा माणूस.

जानेवारीत पाऊस आला. मस्कतचा पाऊस म्हणजे वर्षाचं उरकून टाकायचं काम असतं. वादीला, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला, पाणी आलं, रस्ते बंद, मैदानावर चिखल. सगळ्या रेघा धुऊन गेल्या. मॅच चार दिवसांवर आणि दोरी धरायला कोणी नाही. एका टोकाला खिळा ठोकून पाहिला, ओल्या मातीत उपटून यायचा. शेवटी स्टोअरमधून मोजायची टेप काढली. इतक्या वर्षांत ती मी कधी उघडली नव्हती. बंगाली जाताना म्हणाला होता, गोलपोस्ट पक्के आहेत, त्यांच्यावरून मोज. मी म्हटलं होतं, माझा डोळा पक्का आहे.

गोलपोस्टपासून बिल्डिंगच्या बाजूचा कोपरा मोजला. चौऱ्याण्णव फूट. दुसऱ्या पोस्टपासून चटईच्या बाजूचा कोपरा मोजला, म्हणजे चिखलात जी फिकट खूण उरली होती तिथपर्यंत. ब्याऐंशी.

टेप चुकली म्हणून परत मोजलं. ब्याऐंशी. पलीकडच्या गोलपाशी जाऊन मोजलं. ब्याऐंशी.

बारा फूट कुठे गेले?

मी टाकीपाशी जाऊन बसलो आणि मग हळूहळू कळलं. आमच्याकडे भातखाचराचा बांध असतो त्याला मेर म्हणतात. पावसाने मेर फुटली की दरवर्षी नवी घालावी लागते. माझ्या बापाने शिकवलेलं, मेर आपल्या अंगाला घालायची. आपलं हातभर गेलं तरी चालेल, शेजाऱ्याचं बोटभर येता कामा नये. सुमनच्या घरी तर उलट घडलेलं. शेजारी दर पावसाळ्यात तिच्या बापाची मेर हातभर सरकवायचा. वर्षाला एक हात म्हणजे कोणाच्या नजरेत येत नाही. वीस वर्षांत तिच्या बापाचा अख्खा कुणगा, भाताचा तुकडा, गेला, आणि कोर्टाच्या पायरीवर डबा पोचवायला ही पोर असताना जायची. त्यामुळे दुसऱ्याच्या जमिनीचं तिला भयंकर भय होतं.

आता बघा. रेघेला लागून चटया. खेळ रंगला की माणसं पुढे सरकणार, चटया रेघेला टेकणार. उन्हाळ्यात रेघ जाते, पण चटयांखाली मेलेल्या गवताचा पट्टा राहतो. ऑक्टोबरात आम्ही दोघं येणार, तो पट्टा म्हणजे लोकांची जागा असं धरणार, आणि त्यापासून एक हात आत रेघ घालणार. "आत घ्या, लोकांच्या अंगावर जाताय." पुढच्या मोसमात चटया नव्या रेघेला टेकणार. पुन्हा एक हात. आठ वर्षं. आठ हात म्हणजे बारा फूट. सालिम चाचांच्या पार्श्वभागाशी आम्ही नवरा-बायको मेर आपल्या अंगाला घालत होतो.

आणि दुसरा अर्धा वेळ? तेही उलगडलं. आमचा कोच पाहुणचाराचा माणूस. टॉस कोणीही जिंको, पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून चांगली बाजू पहिल्यांदा तो त्यांनाच द्यायचा. म्हणजे दर घरच्या मॅचला आमचा उजव्या कडेचा पोरगा पहिला अर्धा वेळ बिल्डिंगच्या बाजूने पळायचा आणि दुसरा अर्धा चटयांच्या बाजूने. तिथे बारा फूट जागाच नाही. तो सुटायचा आणि रेघेबाहेर जायचा, नाहीतर दोघातिघांच्या बेचक्यात सापडायचा. कोच समोरच्या बाकावरून ओरडायचा, "कडेने! कडेने!" कड कुठे होती?

आता मी काय केलं ते सांगतो, आणि यात फुशारकीचं काही नाही. मला तेव्हाच रेघ बाहेर घ्यायला पाहिजे होती. मी घेतली नाही. ब्याऐंशी फुटांवरच्या त्या फिकट खुणेवर तिचा हात होता. तीन महिन्यांपूर्वी तिने दोरी धरली होती. मी गाडीत चुना भरला आणि त्याच खुणेवरून फिरवला. मनाला सांगितलं, बारा फुटांनी काय होतंय. ती मॅच हरली. त्याच्या पुढचीही हरली. दोन्ही दुसऱ्या अर्ध्यात. कॉलेजने कोचला कळवलं की पुढच्या वर्षी येऊ नका.

त्या दिवशी संध्याकाळी तो आपलं कपाट रिकामं करत होता. मी टेप घेऊन गेलो.

"सदीक, बस. चहा?"

"चहा नको. माझ्याबरोबर मैदानावर चल."

त्याला आधी वाटलं निरोपाचं काहीतरी आहे. मी टेपचं टोक त्याच्या हातात दिलं, म्हटलं पोस्टपाशी धर. आधी बिल्डिंगची बाजू मोजली, मग चटयांची. आकडे त्यानेच वाचले. मग मी मोडक्या अरबी-हिंदीत सगळं सांगितलं. मेर सांगताना हाताने माती ओढून दाखवली. सुमनचं नावही घेतलं. तिचं नाव झाकून सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. शेवटच्या दोन मॅचचंही सांगितलं.

कोचने गोलाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. मला वाटलं आता हात उचलणार. उचलला असता तर मी मार खाल्ला असता. पण तो हसायला लागला. असा हसला की बकऱ्या कुंपणाबाहेर पळाल्या.

"माझ्या देशात रेघ बाहेर सरकवतात आणि माणसं मरतात," तो म्हणाला. "तुम्ही दोघांनी आत सरकवली आणि माझी नोकरी मेली!"

मी म्हटलं, "आत्ता प्रिन्सिपलकडे जाऊ. मी सांगतो. मला काढू देत."

त्याचं हसू गेलं. "काय सांगणार? की इद्रीस आठ वर्षं रोज या मैदानावर उभा होता आणि त्याला आपलं मैदान लहान झालेलं दिसलं नाही?"

मी टेप गुंडाळायला लागलो.

"म्हातारा झाला म्हणतात ना? म्हणू देत. म्हातारे सगळेच होतात. आंधळा कोच म्हणून मला जायचं नाही. वल्ला, सदीक, शपथ आहे तुला, कोणाला बोलायचं नाही."

"पण खरं कारण हेच का?" मी विचारलं. मला अजून ते पाहिजे होतं. "बारा फूट?"

तो म्हणाला, "थोडं हे असेल. थोडं वय असेल. शेवटच्या दोन वर्षांत पोरंही तशी मिळाली नाहीत. एका कारणाने माणूस पडत नाही." मग म्हणाला, "पण बारा फूट पुष्कळ असतात."

मी शब्द दिला. आज तो मोडतोय, कारण कोच कधीच आपल्या देशी गेला आणि सालिम चाचा वारले. त्या सभेतल्या एकालाच मराठी वाचता येतं, आणि त्याला हे माहीत आहे. त्याने स्वतःच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी देऊन झाल्यावर मी टेपने मोजून चौऱ्याण्णव फुटांवर दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, चटयांच्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांना. एक खुंटी बरोबर चटईच्या मागे आली. तिघेही चटईवर होते, रोजच्यासारखे.

"तात्या," इस्माईलभाई म्हणाला, "तू आतला माणूस. आता तरी सांग. कोच कशाने गेला?"

"वय," मी म्हटलं.

कुट्टीने मांडीवर थाप मारली. "मी पहिल्या दिवसापासून काय बोलत होतो?" सालिम चाचा म्हणाले, वय नजरेनेच वाढतं. सभा सुरू झाली.

"उठा," मी म्हटलं. "चटई खुंटीच्या मागे घ्या."

"का? आठ वर्षं इथेच बसतोय," सालिम चाचा म्हणाले. "कोणाचा हुकूम? नवा कोच तर आलाही नाही."

"उठा म्हटलं ना."

कोणी उठेना. इस्माईलभाई मात्र खुंटीकडे बघत होता. मग त्याने गोलपोस्टकडे बघितलं, पुन्हा खुंटीकडे. राजापूरकडच्या माणसाला जमिनीत ठोकलेली खुंटी वाचता येते, त्याला शाळा लागत नाही. तो माझ्याजवळ आला आणि हळूच मराठीत विचारलं, "किती?"

"आठ हात."

"दर साली एक?"

मी मान हलवली. तो वळला आणि त्या दोघांना म्हणाला, "चलो यार, उठो. पीछे छाँव है." मागे सावली नव्हती. त्याने चटईचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं. कुट्टी कुरकुरत थर्मास घेऊन उठला, चाचा खजुराचा डबा घेऊन.

खालचं गवत पिवळं पडून जमिनीला चिकटलं होतं, बारा फूट रुंद, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मी पाइप ओढत आणला आणि त्यावर पाणी सोडलं.